दोन मापांच्या सांध्यावरचे गाव : कुर्डुवाडी आणि बार्शी लाईट

कुर्डुवाडीचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात बार्शीपासून करावी लागते. आपल्या गावकऱ्यांना हे थोडे खटकेल. पण ज्या गोष्टीमुळे हे गाव उभे राहिले, ती बार्शीत व्हायची राहून गेली होती. मुंबईहून निघालेली आगगाडी बार्शीला गेली नाही.

बार्शी ही त्या काळी या भागातली मोठी पेठ. तालुका इंग्रजी अमलात आणि भोवती बराचसा निजामाचा मुलूख. बालाघाटाच्या पठारावरचा कापूस, जवस, करडई, तूर आणि ज्वारी बैलगाड्यांतून घाट उतरून बार्शीच्या अडतीवर येई. परतीच्या गाड्यांतून मीठ, कापड, लोखंडी सामान वर जाई. अशी पेठ वाटेत असताना रेल्वेने तिला वळसा का घातला, याचे उत्तर सोपे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीला, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडच्या जीआयपीला, सोलापूर गाठायचे होते आणि तिथून पुढे रायचूरला मद्रासच्या रेल्वेला जाऊन मिळायचे होते. भीमेच्या खोऱ्यातून जाणारी सपाट वाट तिच्या सोयीची होती. बार्शी त्या वाटेपासून 21 मैल आड राहिली.

मुंबई ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच घाटमाथ्यावरचे रूळ आपल्या बाजूला सरकू लागले. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे हा टप्पा सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गाडी डिकसळला पोचली. 1859 च्या ऑक्टोबरात ती माढा तालुक्यातल्या कुर्डू गावाजवळच्या माळावर आली आणि 1860 मध्ये सोलापूरला गेली. बोरघाट मात्र 1863 मध्ये पुरा झाला. म्हणजे आपल्या स्टेशनातून गाड्या जाऊ-येऊ लागल्यावरही तीन-साडेतीन वर्षे घाटाच्या टप्प्यावर माल उतरवून पुन्हा चढवावा लागत होता. माल उतरवणे आणि चढवणे हे काम पुढे आपल्याच गावाच्या वाट्याला येणार होते.

माळावरच्या त्या स्टेशनाला नाव मिळाले बार्शी रोड. बार्शीला जायचे असेल तर इथे उतरा, एवढीच त्या ठिकाणाची ओळख होती. कुर्डुवाडी हे नाव स्टेशनाला पुष्कळ नंतर लाभले.

1859 ते 1897 ही अडतीस वर्षे बैलगाडीची. या काळाबद्दल फार कमी लिहिले गेले आहे, पण गावाचा पाया याच काळात पडला. बार्शीचा माल इथवर गाड्यांतून येई. गाडीवान, बैल, चारा आणि पाणी यांची सोय करावी लागे. माल पोचवण्याची हमी घेणारे हुंडेकरी आणि अडत्यांचे गुमास्ते यांना स्टेशनाजवळ बसावेच लागे. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, इकडच्या रुईचे भाव चढले आणि मुंबईकडे जाणाऱ्या कापसाला एकाएकी महत्त्व आले. त्यातच पंढरीच्या वारकऱ्यांपैकी रेल्वेने येणारे अनेकजण बार्शी रोडलाच उतरत आणि तिथून तीसेक मैल गाडीने किंवा पायी जात. वस्ती लहान होती, पण तिच्यातून माणसांची ये-जा थांबत नव्हती.

1876 ते 1878 च्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याला होरपळले. त्या दुष्काळात एक गोष्ट सरकारच्याही ध्यानात आली. रेल्वेने धान्य स्टेशनापर्यंत येत होते, पण बैलच चाऱ्यावाचून मेल्यावर ते स्टेशनापासून पुढे न्यायचे कशाने? रुळांपासून वीस मैल आत असलेले गाव अशा वेळी दोनशे मैल दूर असल्यासारखेच. 1880 मध्ये दुष्काळ आयोगाने रेल्वेचे जाळे झपाट्याने वाढवावे अशी शिफारस केली, तिच्यामागे हा अनुभव होता. मोठ्या मार्गाला माल आणून देणारे स्वस्त, छोटे मार्ग हवेत, हा विचार त्या सुमारास जोर धरू लागला.

याच वेळी एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा तरुण इंजिनिअर हिंदुस्थानात आला. 1857 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केलेला हा माणूस 1882 मध्ये जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर झाला. बार्शी रोडला येऊन थांबणाऱ्या गाड्यांच्या रांगा त्याने पाहिल्या आणि 1887 च्या सुमारास बार्शी रोड ते बार्शी असा छोट्या मापाचा मार्ग टाकण्याची योजना मांडली. परवानग्या, वाटाघाटी आणि भांडवलाची जमवाजमव यांत आठ वर्षे गेली. मधल्या काळात त्याने जीआयपीची नोकरीही सोडली, पण योजना सोडली नाही. अखेर 9 जुलै 1895 रोजी लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि कॅलथ्रॉप तिचा सल्लागार इंजिनिअर झाला.

या माणसाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण आपल्या गावात त्याचे नाव क्वचितच निघते. त्याला घोड्यांचे विलक्षण प्रेम होते. तो अरबी घोडे पाळी आणि घोड्याला मित्रासारखे कसे वागवावे यावर त्याने पुस्तकही लिहिले. 1910 मध्ये त्याच्या ओळखीचे वैमानिक चार्ल्स रोल्स विमान कोसळून मरण पावले, तेव्हापासून वैमानिकाचा जीव वाचवणारी हवाई छत्री बनवण्याच्या मागे तो लागला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री त्याने तयार केली. मुक्या जनावराची आणि संकटातल्या माणसाची काळजी वाहणारा हा इंजिनिअर. बार्शी लाईटच्या आखणीतही त्याचा हा बारकावा दिसतो.

बार्शी लाईटची थट्टा आपण पुष्कळ ऐकली आहे. ती हळू चाले, चढावर दमे, तिला वेळेचे भान नसे वगैरे. तिच्या बांधणीतले शहाणपण मात्र फार थोड्यांनी सांगितले, म्हणून ते इथे नोंदवणे आम्हाला अगत्याचे वाटते. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट, बार्शी लाईटचे अडीच फूट. कॅलथ्रॉपने एक नियम ठरवला आणि तो शेवटपर्यंत पाळला : इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. हा नियम पाळला की गजाला 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात. रूळ हलका म्हणजे पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. पण भार कमी ठेवायचा म्हणून माल थोडा न्यायचा, हे त्याला मान्य नव्हते. त्याने भार अधिक आसांवर वाटून दिला. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या पाच इंजिनांना चार जोड्या चालती चाके आणि मागे आधाराच्या दोन जोड्या होत्या. वाघिणी लांब, चार-चार आसांच्या. त्यांच्या चौकटी लीड्स फोर्ज कंपनीने पोलादी पत्रे दाबून घडवल्या, त्यामुळे डब्याचे स्वतःचे वजन घटले आणि त्यात मावणारा माल वाढला. हे सारे सामान हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून त्याची चाचणी घेतली गेली आणि ती पाहायला इंजिनिअर मंडळींना बोलावले होते. पुढे अडीच फुटी मार्गांची चर्चा निघाली की बार्शीचा दाखला दिला जाई. ज्या गाडीला आपण भातुकलीची गाडी म्हणत होतो, ती आपल्या काळातली अत्यंत विचारपूर्वक केलेली रचना होती.

मार्च 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. ते वर्ष पुन्हा दुष्काळाचे होते आणि पुणे-मुंबईकडे प्लेगची साथ होती. कंपनीच्या दृष्टीने मुहूर्त कठीण होता. कुर्डुवाडीच्या दृष्टीने मात्र गावाची खरी सुरुवात याच महिन्यात झाली, असे आमचे मत आहे. त्याआधी हे माळावरचे एक स्टेशन होते. आता ते जंक्शन झाले, आणि तेही दोन वेगळ्या मापांचे.

मापे वेगळी असली की एका मार्गावरची वाघीण दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नाही. बार्शीहून आलेली रुईची प्रत्येक गाठ, जवसाचे प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावे लागे; मुंबईहून आलेल्या मिठाचे, कापडाचे, रॉकेलच्या डब्यांचे उलट. मधे मालधक्का, एका अंगाला छोटी गाडी, दुसऱ्या अंगाला मोठी, आणि दोन्हींच्या मधून पाठीवर ओझे घेऊन फिरणारी माणसे. रेल्वेच्या हिशेबात हा खर्च होता आणि विलंबही. गावाच्या हिशेबात ती रोजची भाकरी होती. माढा, करमाळा, बार्शी या कोरडवाहू तालुक्यांत पावसाने दगा दिला की शेतमजुराला काम उरत नसे. मालधक्क्यावर मात्र काम असे. हमाल आले, त्यांच्यावर मुकादम आले, पोती मोजणारे कारकून आले, फाटलेली पोती शिवणारे आले. मागोमाग चहाची दुकाने आणि खाणावळी आल्या.

कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा असाच अडीच फुटी मार्ग आखला. तो 1904 मध्ये सुरू झाला. तिथे मोठ्या मापाची भरलेली वाघीण जशीच्या तशी छोट्या मापाच्या खास गाडीवर चढवून नेण्याची सोय त्याने केली होती. माल उतरवायची गरजच नाही! आपल्याकडे मात्र अखेरपर्यंत हमालाच्या पाठीनेच दोन मापे जोडली. बार्शी लाईटच्या इतिहासात इंजिनांचे क्रमांक, बांधणीची वर्षे, कारखान्यांची नावे सारे सापडते. ज्यांच्या अंगमेहनतीवर हा सांधा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालला, त्यांच्यातल्या एकाचेही नाव त्यात नाही. या स्मरणिकेने ही उणीव बोलून दाखवली नाही तर कोण दाखवणार?

बार्शीचा फाटा चालतो हे दिसल्यावर कंपनीने पाय पसरले. 1906 मध्ये कुर्डुवाडीहून दुसऱ्या दिशेला पंढरपूरपर्यंत गाडी गेली. बार्शीच्या पलीकडे येडशी, तडवळे, मुरूड असे करत 1911 मध्ये मार्ग लातूरला पोचला. आता कुर्डुवाडी मधोमध आली. एका हाताला लातूरचा बाजार, दुसऱ्या हाताला पांडुरंग, आणि छेदून जाणारा मुंबई-मद्रास मार्ग.

पंढरपूरच्या फाट्याने गावाला वर्षातून दोन मोठे हंगाम दिले, आषाढी आणि कार्तिकी. मोठ्या गाडीतून उतरलेले वारकरी छोट्या गाडीची वाट पाहत स्टेशनभर, मालधक्क्यावर, मोकळ्या माळावर मुक्काम करीत. जादा गाड्या सोडल्या तरी डबे पुरत नसत. मालाच्या वाघिणींतूनही यात्रेकरू नेले जात आणि त्याही भरल्या की माणसे टपावर चढत. टाळ-मृदंग, पडशी आणि पताका घेतलेल्या माणसांनी झाकून गेलेली ती गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना ती विसरता आली नाही. वारकऱ्यांना पाणी देणे, भाकरी देणे ही कुर्डुवाडीच्या घराघरांतली रीत याच स्टेशनामुळे पडली.

लातूरकडच्या फाट्याची गोष्ट वेगळी. लातूर निजामाच्या राज्यात, आणि कापसाची मोठी पेठ. रेल्वे येण्याच्या वीसेक वर्षे आधी, 1890 च्या आसपास, लोकमान्य टिळकांनी भागीदारीत तिथे सरकी काढण्याचा कारखाना काढला होता, यावरून त्या पेठेचे वजन कळते. पण तिथला कापूस मुंबईला न्यायचा म्हणजे आधी बैलगाडी, घाट, मग रूळ. 1911 नंतर तोच कापूस छोट्या वाघिणींत बसून थेट आपल्या मालधक्क्यावर येऊ लागला. ही गाडी दोन राज्यांतून जाई. सरहद्द ओलांडली की निजामाचे नाणे वेगळे, जकात वेगळी, कायदे वेगळे. इंग्रजी मुलखातून हैदराबाद संस्थानात ये-जा करणाऱ्या मराठवाड्याच्या माणसासाठी कुर्डुवाडी हे बाहेरच्या जगाचे दार होते. मुंबईची वर्तमानपत्रे, पुण्याची पुस्तके, शिकायला निघालेली पोरे याच दारातून आत-बाहेर करीत. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले आणि या मार्गावरची सरहद्द मिटली.

गाव वाढले ते रेल्वेच्या गरजांनुसार, आणि म्हणून त्याची ठेवण शेजारच्या जुन्या गावांसारखी नाही. आपल्याकडे गढी नाही, वेस नाही, बलुतेदारांच्या आळ्यांची जुनी रचना नाही. स्टेशन मधे, त्याच्या अंगाने रेल्वेची वसाहत, लोकोशेड आणि कारखाना, आणि पलीकडे बाजार. कारखाना ही कुर्डुवाडीची मोठी मिळकत. बार्शी लाईटची इंजिने, डबे, वाघिणी यांची देखभाल आणि दुरुस्ती इथे होई. लंडनहून सुटा भाग मागवायचा तर महिने जात. जे मोडले ते इथेच ओतायचे, कातायचे, बसवायचे. फिटर, टर्नर, लोहार, सुतार, बॉयलरवर काम करणारे, सगळ्या जातीधर्मांची माणसे एका भोंग्यावर कामाला येत आणि एका भोंग्यावर सुटत. शेतकऱ्याचा मुलगा इथे उमेदवारीला लागून कारागीर झाला, आणि त्याचा मुलगा त्याच कारखान्यात शिकला. पाऊस पडो न पडो, पहिल्या तारखेला पगार होतो ही गोष्ट या दुष्काळी टापूत कुर्डुवाडीने पहिल्यांदा पाहिली. आमच्या मते गावाच्या स्वभावातला मोकळेपणा आणि शिक्षणाची ओढ यांचे मूळ इथे आहे. जमीन आणि वतन नसलेल्या माणसालाही हातातल्या कसबावर इथे उभे राहता आले.

1927 मध्ये पंढरपूरचा मार्ग मिरजेपर्यंत गेला आणि बार्शी लाईट 202 मैलांची झाली. मिरजेला मीटर मापाची मद्रास आणि दक्षिण मराठा रेल्वे होती, म्हणजे तिथेही माल बदलावा लागे. लातूर ते मिरज, एका टोकाला मराठवाड्याची काळी माती आणि दुसऱ्या टोकाला कृष्णाकाठ, असा हा सलग अडीच फुटी मार्ग झाला. 202 मैलांची वाट पुरी झाली त्याच वर्षी, 1927 मध्ये, कॅलथ्रॉप वारला.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे एकत्र आल्या. 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली, पण बार्शी लाईट तेव्हाही खासगी कंपनीच्याच ताब्यात होती. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. कंपनीचे नोकर सरकारी नोकर झाले. वेतन, रजा, निवृत्तीची हमी यांचे नियम बदलले. कंपनी संपली, तरी लोकांच्या तोंडी नाव राहिले बार्शी लाईटच.

नंतरची हकीकत बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर घडली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सारा मार्ग टप्प्याटप्प्याने मोठ्या मापाचा झाला. पंढरपूर, मग 2008 पर्यंत बार्शी आणि लातूर, शेवटी मिरज. लातूरचा नवा मार्ग धाराशिव शहरावरून नेला, जिथे छोटी गाडी कधीच गेली नव्हती. प्रवाशांची मोठी सोय झाली आणि ती व्हायलाच हवी होती. लातूरचा माणूस आज कुर्डुवाडीला न उतरता मुंबईला जातो. दोन मापांचा सांधा मिटला आणि त्याबरोबर माल बदलण्याचे काम संपले. आपले गाव जंक्शन म्हणून टिकले, मालधक्क्यावरचे गाव म्हणून उरले नाही.

जुन्या मार्गाच्या खुणा झपाट्याने नाहीशा होत आहेत. बरीच छोटी स्टेशने पडली, दगडी मोऱ्या झुडपांत गेल्या, रूळ भंगारात गेले. इंजिने आणि डबे यांची नोंद परदेशातल्या हौशी अभ्यासकांनीही ठेवली आहे. माणसांची नोंद आपल्यालाच ठेवायची आहे, आणि ज्यांना मालधक्का आठवतो ती पिढी आता थकली आहे. ज्यांच्या घरात वडिलांचा किंवा आजोबांचा रेल्वेचा पास, पगाराची पावती, उमेदवारीचे पत्र, कारखान्यातला गटाचा फोटो, हमालांच्या टोळीची वही असे काही असेल, त्यांनी ते स्मरणिका समितीकडे नक्कल करण्यासाठी द्यावे. मूळ कागद नक्कल होताच परत मिळतील. कागद नसतील तर घरातल्या वडीलधाऱ्यांची नावे, त्यांचे काम आणि कामाची वर्षे एवढे तरी लिहून द्यावे.